वंयीसाठी, म्हणजे जिवंत कुंपणासाठी, करवंदाची रोपे: रोपवाटिकेतला माल कसा आहे आणि कोणता घ्यावा

मिरगाच्या आगेमागे गोव्यातल्या रोपवाटिकांत करवंदाची रोपे दिसू लागतात. माल साधारण चार तऱ्हेचा असतो: लहान पिशवीतले बियांचे रोप, मोठ्या पिशवीतले बियांचे रोप, गुटी बांधून (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडून) किंवा कलम करून तयार केलेले मोठ्या फळाचे रोप, आणि क्वचित कुठे रूट ट्रेनरमध्ये, म्हणजे आतून उभ्या धारा असलेल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यांत वाढवलेले रोप. भाटाच्या (बागायतीच्या) हद्दीवर किंवा काजूच्या बागेच्या कडेला जिवंत कुंपण उभे करायचे असेल, तर आमचा कौल स्पष्ट आहे. स्थानिक रानकरवंदाच्या बियांपासून केलेले, एक वर्षाचे, मोठ्या पिशवीतले वीत-दीड वीत उंचीचे रोप घ्या. कलमाच्या मानाने ते कितीतरी स्वस्त असते आणि दिसायला किरकोळ. गिऱ्हाईक नेमके त्याला वगळून शेजारचे कमरेएवढे हिरवेगार रोप उचलते, आणि कुंपणाचा निम्मा बेत तिथेच फसतो.

मुळात करवंदच का, हे थोडक्यात. गोव्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, सुमारे ३,००० मिलिमीटर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सहा-सात महिने जमीन तापत राहते. जांभ्याची माती आम्लधर्मी, खडेदार, पाणी धरून न ठेवणारी. या दोन्ही टोकांना पुरून उरणारी जी थोडी काटेरी झुडपे आहेत त्यांत करवंद पहिले. बारमाही हिरवे, दोन-तीन मीटर उंच जाणारे, बुंध्यापासून फांद्या फुटणारे, आणि दोन ते चार सेंटिमीटरच्या टणक काट्यांचे. गिरिपुष्प आणि मोगली एरंड फाटा रोवला की जगतात हे खरे, गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खताला उत्तमच. पण दोन्ही मध्य अमेरिकेकडून आलेली, बिनकाट्याची, आणि इथल्या पाखरांच्या पोटापाण्याला फारशी उपयोगी नाहीत. शेराचे कुंपण दाट होते, परंतु त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मुले वावरतात तिथे तो नकोच. आपल्याच मातीतली निगडी चांगली आहे. शेळी तिला तोंड लावत नाही, फाट्यांपासून ती लागते आणि ओलसर जागाही तिला चालते. काटा मात्र नाही. म्हणून कोरड्या, उताराच्या हद्दीवर करवंद आणि जिथे पाणी रेंगाळते तिथे निगडी, ही जोडी गोव्यातल्या बहुतेक भाटांना जमते.

आता मालाकडे.

लहान पिशवी म्हणजे बहुधा चार बाय सहा इंची. करवंदाचे सोटमूळ पहिल्याच वर्षी सरळ खाली धावते. सहा इंचांत त्याचा मार्ग पावसाळा संपण्याआधीच खुंटतो आणि मग ते तळाशी गोल फिरू लागते. असे रोप रोपवाटिकेत रोज पाणी मिळते तोवर टवटवीत दिसते. जमिनीत लावल्यावर मूळ गुंडाळलेलेच राहते, खाली उतरत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची पाच-सात इंच माती सुकली की झाड बसते. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडले. खरे कारण आठ महिने आधी, पिशवीच्या तळाशी, ठरलेले असते.

पाच बाय आठ किंवा सहा बाय आठ इंची पिशवीत तेच रोप वर्षभर बऱ्यापैकी सरळ मुळावर राहते. म्हणून मोठी पिशवी आणि लहान रोप, हे जमल्यास सोडू नये. याउलट लहान पिशवीत दोन-अडीच फुटी रोप दिसले तर ते दोन वर्षांचे, गेल्या हंगामात न विकले गेलेले आहे असे समजा. हिशेब सोपा आहे. करवंद पिकते एप्रिल-मेमध्ये आणि बी ताजेच पेरावे लागते. तेव्हा या जूनमध्ये विकायला आलेले बियांचे रोप गेल्या वर्षीच्या मे-जूनमधले, म्हणजे साधारण बारा-तेरा महिन्यांचे असते. या वयात ते २० ते ४० सेंटिमीटर असायला हवे. 'यंदाचेच आहे' असे सांगून कोणी कमरेएवढे बी-रोप पुढे केले तर ते शक्य नाही.

गुटी किंवा कलम केलेले रोप हा वेगळ्या कामाचा माल आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली 'कोंकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आपल्या हवामानात चांगली येते. लोणच्यासाठी, सरबतासाठी, विक्रीसाठी फळ हवे असेल तर तीच घ्यावी. गुटीचे झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवते आणि फळ मातृवृक्षासारखेच येते, हा तिचा मोठा गुण. पण गुटीला सोटमूळ नसते. विहिरीजवळ, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला, ठिबकच्या टप्प्यात अडीच-तीन मीटर अंतराने लावायला ती ठीक. पाण्याविना सोडायच्या उघड्या बांधावर ती पहिला उन्हाळा काढताना मेटाकुटीला येते. शिवाय शंभर मीटर कुंपण दाट करायला जितकी रोपे लागतात तितकी गुटीची घेणे खिशाला परवडणारे नाही. कुंपणातल्या काळ्या रानकरवंदाला फळ लहान, पण गर गोड आणि वास खरा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पानांच्या द्रोणांतून कांटां म्हणून जे विकले जाते ते हेच.

रूट ट्रेनरमधले रोप मुळांच्या दृष्टीने सगळ्यात चांगले. नळकांड्याच्या उभ्या धारा मुळाला फिरू देत नाहीत, तळाच्या भोकातून बाहेर आलेले टोक हवेने आपोआप सुकते आणि बाजूला नवी मुळे फुटतात. उणीव एकच: माती जेमतेम ओंजळभर. आणल्यावर ते दोन दिवस ओट्यावर पडून राहिले तर संपले. खड्डे तयार, पाऊस लागलेला, माणसे हजर, असे असेल तरच ही रोपे उचला.

यांखेरीज दोन गोष्टी करवंद म्हणून गळ्यात मारल्या जातात, त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली दक्षिण आफ्रिकेतली शोभेची करवंद. पाने जाड, तुकतुकीत, गोलसर. काटा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, कधी दोनदा दुभंगलेला. फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद. फळ लालभडक आणि मोठे. चीक तिलाही येतो, पानेही समोरासमोर असतात, त्यामुळे केवळ पान खुडून पाहून फसायला होते. फूल नसेल तर काटा पाहा: आपल्या करवंदाचा काटा बहुतेक साधा, काही ठिकाणी एकदाच दुभंगलेला. ती झाड म्हणून वाईट नाही, बंगल्याच्या दारात छान दिसते, पण रानाची वंय बांधायला ती आपली नव्हे.

दुसरी म्हणजे रानातून उपटून पिशवीत भरलेली रोपे. ही गोष्ट मनाला लागते. पिशवीतली माती सैल असते, दाबली की खाली बसते. खोड बोटभर जाड, त्यावर जुन्या छाटणीची खूण, आणि वर चारच नवी पाने. सोटमूळ कुदळीने तोडलेले असते, त्यामुळे दहांत दोन जगली तरी नशीब. अभयारण्याच्या हद्दीतून असे काही काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि हद्दीबाहेरचे असले तरी एका जागची जाळी उजाड करून दुसऱ्या जागी कुंपण करण्यात निसर्गाचा काय फायदा? असा माल परत ठेवा आणि विक्रेत्याला का ठेवला तेही सांगा.

पिशवी उघडून पाहणे

पन्नासाच्या वर रोपे घ्यायची असतील तर विक्रेत्याला विचारून एका रोपाचे पैसे आधी द्या आणि ते तिथेच फाडून पाहा. चांगला रोपवाटिकावाला याला हरकत घेत नाही. पिशवी आडवी धरून ब्लेडने वरपासून तळापर्यंत एक चीर द्यायची आणि प्लॅस्टिक बाजूला सोलायचे. मातीचा गोळा न ढासळता हातात राहिला पाहिजे. त्याच्या अंगावर पांढरट-पिवळी, टोकाला ओलसर, बारीक मुळे ठिकठिकाणी दिसली की रोप जोमात आहे. आता गोळा उलटा करून तळ पाहा. एखादे मूळ अर्धा वळसा घेऊन थांबले असेल तर चालेल. तपकिरी, पेन्सिलच्या शिशाएवढे जाड मूळ दोन-तीन वेढे घालून बसले असेल तर ती सबंध रांग तशीच असणार. मूळ पिशवीच्या भोकातून खालच्या जमिनीत गेलेले असेल आणि पिशवी उचलताना 'टक्' असा आवाज झाला, तर सोटमूळ तुटले. असे रोप दोन-चार दिवसांत मान टाकते. नेटाने रोपे वाढवणारे दर दीड-दोन महिन्यांनी पिशव्यांची जागा बदलतात, म्हणजे मूळ खाली शिरत नाही. 'पिशव्या शेवटच्या कधी हलवल्या?' हा प्रश्न नक्की विचारा. उत्तरावरून समोरच्याचे काम कळते.

मग पान. पानाच्या मागे मधल्या शिरेवर तपकिरी टिकल्या चिकटलेल्या दिसल्या तर खवले कीड. बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची ये-जा आणि पानांवर काळी काजळी ही दोन्हींची चाहूल. थोडीफार असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून, नंतर निंबोळी अर्क फवारून निभावते. सगळ्या गाद्यांवर (रोपांच्या वाफ्यांवर) पसरली असेल तर दुसरीकडे जा. पानांवर तपकिरी गोल ठिपके पावसात थोडे येतातच, त्याची धास्ती नको. पण शेंडा वरून खाली काळा पडत येत असेल तर घेऊ नका.

शेवटचे म्हणजे ऊन. हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप सरळ जांभ्याच्या सड्यावर (उघड्या पठारावर) नेले आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की पाने करपतात. विकत घेताना रोपे उघड्यावर ठेवलेली असावीत. नसतील तर घरी आणून दहा-पंधरा दिवस सकाळच्या उन्हात, मग दिवसभराच्या उन्हात, अशी सवय लावूनच खड्ड्यात घालायची.

बीज कुठले, हेही विचारायला हवे. आपल्याच तालुक्यातल्या किंवा शेजारच्या रानातल्या, निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या जाळ्यांमधल्या बियांची रोपे असावीत. एकाच झाडाच्या बियांची तीनशे रोपे लावली तर ती सगळी भावंडे. एखादा रोग आला की सगळ्यांची सहनशक्ती सारखीच कमी. पेडण्याच्या सड्यावरचे करवंद आणि सांग्याच्या डोंगरउतारावरचे करवंद दिसायला एक असले तरी फुलण्या-पिकण्याच्या वेळेत थोडा फरक असतो. मिसळ असेल तर फळ एकदम न येता काही आठवडे पुरते, पाखरांनाही आणि आपल्यालाही.

लावणी

दोन ओळी, एकमेकींपासून ४५ सेंटिमीटरवर. ओळीत रोपांमधले अंतर ७५ सेंटिमीटर, दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या फटीसमोर. या हिशेबाने १०० मीटर लांबीला एका ओळीत १३४ म्हणजे दोन ओळींना २६८ रोपे लागतात. त्यावर दहा टक्के नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला धरा: एकूण २९५. तीस सेंटिमीटरवर दाटीने लावायचा सल्ला दिला जातो, तो बागेतल्या छाटीव कुंपणाला ठीक. शेताच्या वंयीत इतकी दाटी केली की बुंध्याकडच्या फांद्या प्रकाशाविना वाळतात आणि नेमकी खालची फट उघडी पडते.

खड्डे मे महिन्यात, ४५ बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचे. जांभा लागला तर पहारीने निदान एक फूट तरी फोडा, आणि खालच्या थराला पहारीनेच एक-दोन खोल भोके पाडा. मुळाला तेवढी वाट पुरते. वरची काळसर माती वेगळी ठेवून तीच तळाला घालायची, सोबत दोन किलो कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी किंवा करंजाची पेंड. पेंड वाळवीला आवर घालते. कच्चे शेण घातले की हुमणी आणि वाळवी दोन्हींना आमंत्रण. रासायनिक खताची लावणीच्या वेळी गरज नाही.

लावणी मिरगाचा पाऊस स्थिर झाल्यावर, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. पहिल्या सरीला हुरळून लावू नये; मध्ये खंड पडला तर रोपे तग धरत नाहीत. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाला मूळ खाली न्यायला वेळच उरत नाही. पिशवीचा तळ बोटभर कापून टाकायचा, म्हणजे वेढा घेतलेले टोकही निघून जाते. मग उभी चीर देऊन गोळा न फोडता खड्ड्यात ठेवायचा. रोपाची मान (खोड आणि मूळ जुळते ती जागा) जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर, भोवती मातीचा उंचवटा. आपल्या पावसात खोलगट आळे केले तर तेच डबके होते आणि करवंदाला सगळ्यात जास्त मारते ते साचलेले पाणी. खारवट वारा ते सोसते, खाजनाच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांच्या) कडेच्या उंच बांधावरही जगते, पण मुळाशी आठवडाभर पाणी उभे राहिले की पाने पिवळी पडून गळतात. फाडलेल्या पिशव्या मोजून परत आणा. बांधात पुरल्या तर त्या तिथेच राहतात.

एक सावधानता सड्याबद्दल. उघड्या जांभ्याच्या पठारावर पावसाळ्यात जी बोटभर उंचीची फुले येतात, कीटक खाणाऱ्या वनस्पती येतात, ती जागा पडीक नसते. तिथे चर खोदून कुंपण नेऊ नका. पठाराच्या कडेला, जिथे मुळातच माती साचलेली असते आणि करवंदाच्या जाळ्या आपोआप असतात, तिथूनच ओळ फिरवा.

पहिली तीन वर्षे

लावल्यावर पहिल्या दोन वर्षांत करवंदाला काटा असून नसल्यासारखा. कोवळे शेंडे गुरेही खातात आणि शेळ्या तर बुडापर्यंत. म्हणून बाहेरच्या बाजूने बोरीच्या किंवा तोरणीच्या काटक्यांचा आडोसा हवाच. तो सोडला आणि मग करवंद वाढत नाही म्हणून रोपाला दोष दिला, हे वारंवार घडते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की रोपाभोवती हातभर जागा साफ करून वाळलेले गवत किंवा चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) तुकडे चार बोटे जाड पसरायचे, पण खोडाला टेकू द्यायचे नाहीत. डिसेंबर ते मे दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येकी चार-पाच लिटर पाणी. रोज थोडे थोडे देणे वाईट, त्याने मुळे वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पुरते आणि तिसऱ्या वर्षी पाणी बंद.

रानमोडी हे तण खरा शत्रू. तिची वाढ करवंदाच्या कितीतरी पट, आणि एका पावसाळ्यात ती रोप पार झाकून टाकते. डिसेंबर-जानेवारीत तिला फुले येऊन बी वाऱ्यावर उडते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायची. नुसती कोयत्याने कापली तर दुप्पट फुटते. उपटलेला पाला तिथेच आच्छादनाला वापरता येतो. घाणेरीचेही तसेच.

वणव्याचा विचार फेब्रुवारीआधी करावा. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने मीटरभर पट्टा गवतविरहित ठेवायचा. मोठे करवंद जळले तरी बुंध्यापासून फुटते, वर्षाचे रोप जळले ते गेलेच.

छाटणीत जास्त चुका होतात. पहिल्या वर्षी, रोप रुजल्याची खात्री झाल्यावर, शेंडा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर मारायचा. जिवावर येते, पण याशिवाय खालून फांद्या फुटत नाहीत. दुसऱ्या वर्षी ५० ते ६० सेंटिमीटरवर, तिसऱ्या वर्षी ९० वर. पुढे दरवर्षी फळ संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. करवंदाला फुलांचे गुच्छ फांदीच्या टोकाला येतात. दिवाळीनंतर कुंपण सारखे केले की टोके जातात आणि त्या वर्षीचे फूलही जाते. दरवर्षी एकच बाजू छाटावी: यंदा शेताकडची, पुढच्या वर्षी रस्त्याकडची. त्यामुळे फूल, फळ आणि घरट्यांना आडोसा दरवर्षी एका बाजूला तरी शिल्लक राहतो. चीक भरपूर येतो आणि कात्री चिकटते. पात्याला खोबरेल लावून काम सुरू करा आणि मधून मधून पुसा. जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच.

एवढे केले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वंय मिटते. गुरे, शेळ्या, चुकार कुत्रे आणि पायवाट पाडणारी माणसे ती अडवते. रानडुक्कर बुंध्याशी फट असेल तिथून घुसते. फट नसेल तर बहुतेक वेळा वळसा घेते, पण भुईमूग किंवा कणगीचे कंद लावले असतील तर भरवसा ठेवू नका. गव्याला आणि माकडांना करवंद अडवू शकत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या जंगलालगतच्या शेतांना गव्यासाठी वेगळा बंदोबस्त लागतोच, आणि 'सर्व प्राण्यांपासून संरक्षण' असे सांगून रोपे विकणारा खोटे बोलतो. चिऱ्यांचा गडगा (दगडी बांध) आधीपासून असेल तर तो पाडू नका. त्याच्या आतून मीटरभर सोडून करवंदाची एक ओळ लावली तर दोन्ही मिळून फार चांगले काम करतात, आणि गडग्याच्या सांदीतले सरडे, मुंगूस यांनाही ओळीचा आसरा मिळतो.

नुसत्या करवंदाची वंय ही अर्धीच गोष्ट. फुले साधारण जानेवारी ते मार्च, फळे मेअखेरपर्यंत. बाकीच्या महिन्यांत फुलपाखरांनी आणि पाखरांनी काय करायचे? म्हणून दर पाच-सहा मीटरवर एक रोप दुसरे असावे. धायटी जानेवारीपासून लाल फुलते आणि शिंजीर दिवसभर तिच्यावर असतात. कुडा एप्रिल-मेमध्ये. पिटकुळी जवळजवळ वर्षभर, तिच्या लांब नळीच्या फुलांवर मोठी फुलपाखरे येतात. तोरण म्हणजे चुन्नां, काटेरीही आणि खायलाही. आंजणी सावकाश वाढते पण एकदा वाढली की फुलोऱ्याने निळी होते. करवंदाच्या पांढऱ्या सुवासिक फुलांची नळी लांब असते, रात्री त्यांवर पतंग उतरतात. फळांवर बुलबुलांचे थवे असतात. त्यांच्या विष्ठेतून पडलेली बी कुंपणाखाली रुजते, आणि काट्यांच्या आत गुरांच्या तोंडापासून सुरक्षित वाढणारी जांभूळ, किंदळ, कुंभ्याची रोपे चार-पाच वर्षांत वर डोकावू लागतात. ती उपटू नका. कण्हेरीवर येतो तो मोठा हिरवा सुरवंट करवंदाची पाने खाताना दिसला तर औषध मारू नका, झाड भरून काढते. लावताना दाट सावलीही टाळा. काजूच्या फांद्यांखाली करवंद उंच, विरळ आणि बिनफळाचे होते. फांद्यांच्या घेराबाहेर निदान दीड मीटर तरी ओळ असावी.

रोपवाटिकेत मनासारखा माल नसेल तर घरीच करणे कठीण नाही. मेमध्ये पूर्ण काळी, मऊ झालेली फळे घ्या. हिरव्या-लाल फळातले बी कच्चे असते. पाण्यात कुस्करून, चीक सुटावा म्हणून चिमूटभर चुलीची राख चोळून धुवा. तरंगणारे बी टाकून द्या, बुडालेले सावलीत एक दिवस निथळवा आणि आठवड्याच्या आत पेरा. बी साठवून ठेवले की उगवणशक्ती झपाट्याने जाते. बाजारात पाकिटातून करवंदाचे बी मिळाले तर त्यावर पैसे घालवू नका. दोन भाग माती, एक भाग रेती किंवा अर्धवट जळलेला भाताचा तूस, एक भाग चाळलेले कंपोस्ट. बी एक सेंटिमीटर खोल. दोन ते चार आठवड्यांत उगवते. गादी पत्र्याच्या पागोळीखाली असली आणि माती सतत चिखल राहिली की रोपे मानेतून कुजून आडवी पडतात. वरून पारदर्शक कागद, बाजूंनी वारा खेळता, आणि पाणी बेताचे, एवढीच काळजी. चार पाने आली की आठ इंची पिशवीत.

पाचपैकी किती? स्थानिक बियांच्या एक वर्षाच्या, मोठ्या पिशवीतल्या रोपाला साडेचार. अर्धा गुण कापला तो पहिल्या दोन वर्षांच्या राखणीसाठी. रूट ट्रेनरच्या रोपाला चार. गुटीच्या 'कोंकण बोल्ड'ला फळबाग म्हणून चार आणि कुंपण म्हणून दोन. लहान पिशवीतल्या उंच रोपाला एक, तोही पाने हिरवी असतात म्हणून. हवा तो माल जूनमध्ये जाऊन मिळेलच असे नाही, कारण वनमहोत्सवाच्या सुमारास आंबा, फणस, काजू यांची मागणी असते आणि करवंदाची गादी थोडीच धरलेली असते. फेब्रुवारीत रोपवाटिकेत जाऊन आकडा सांगून ठेवा, पिशवीचे माप ठरवून घ्या, थोडी आगाऊ रक्कम द्या आणि मेमध्ये एकदा जाऊन पिशव्या हलवल्या आहेत का ते डोळ्यांनी पाहा.